बागेचा खर्च कोणी सोसावा?

जुनी चाळ किंवा दोनमजली घर पाडून त्या जागीं वीस मजल्यांची इमारत उभी राहूं लागली, म्हणजे आळींत दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. जुने रहिवासी म्हणतात, “आमच्या मुलांस खेळावयास आधींच जागा नाहीं, त्यांत ही नवी गर्दी आली. आतां बाग करावयाची तर तिचा सगळा खर्च या नव्या मंडळींनींच द्यावा.” नवे रहिवासी म्हणतात, “घर घेतांना आम्हीं नाना प्रकारचे आकार भरले आहेत. बागेचें काय तें महापालिकेनें पाहावें.” दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात, आणि नकाशांत ज्या भूखंडावर हिरवा रंग दिलेला असतो, तो भूखंड पत्र्याच्या कुंपणाआड राडारोडा अंगावर घेऊन वर्षानुवर्षें तसाच पडून राहतो. ज्या बागेसाठीं भांडण, ती बाग होत नाहीं. आणि भांडणाऱ्यांचीं मुलें मात्र मोठीं होऊन जातात.

हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे, परंतु ज्या शहरास आपला समाईक खर्च न्यायानें वांटून घेतां येत नाहीं, त्यास पाणी, गटारें, रस्ते, शाळा यांपैकीं कांहींच नीट करतां येणार नाहीं. बाग ही श्रीमंतांची चैन आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं संध्याकाळीं एखाद्या दाट वस्तींतून फेरी मारून पाहावी. ज्याच्या घरांत प्रशस्त दिवाणखाना आहे त्यास बागेवांचून एक वेळ चालेल. ज्याच्या दोन खोल्यांत सहा माणसें राहतात, त्याच्या मुलांस व म्हाताऱ्या आईबापांस मोकळें आकाश कोठें मिळावयाचें? मुंबईंत दर माणशीं मोकळी जागा सुमारें सव्वा चौरस मीटर आहे, असें तेथील नव्या विकास आराखड्याच्या चर्चेंत वारंवार सांगण्यांत आलें. म्हणजे एक घोंगडी पसरावी एवढी जागा! केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शिकेंत मात्र दर माणशीं १० ते १२ चौरस मीटरांची शिफारस आहे. मागणें आणि मिळणें यांत हें एवढें अंतर आहे, आणि तें कोणाच्या पैशानें भरून काढावयाचें हाच आजचा प्रश्न आहे.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगतों. जुन्या वस्तींत बागांची जी तूट आहे, ती जुन्यांचें देणें आहे. नव्या माणसांमुळें जी अधिक गरज उत्पन्न होते, ती नव्यांचें देणें आहे. एकाचें देणें दुसऱ्याच्या खात्यावर चढवूं नये. व्यापारी मंडळींस हें तत्त्व समजावून सांगावयास नको. भागीदारींत नवा भागीदार येतो तेव्हां आधींच्या बुडीताचा भार त्याच्या भांडवलावर कोणी टाकीत नाहीं. तसेंच नवा भागीदार आपलें भांडवल न आणतां नफ्याचा वांटा मागूं लागला, तर त्यासही कोणी पेढीवर बसवून घेत नाहीं. पेढीवर जो न्याय, तोच आळींत कां नसावा?

हें तत्त्व आंकड्यांत मांडून पाहूं. कल्पनेनें एक पेठ घ्या. तींत ५०,००० लोक राहतात आणि सार्वजनिक बागा व मैदानें मिळून ६०,००० चौरस मीटर जागा आहे; म्हणजे दर माणशीं १.२ चौरस मीटर. नगरपालिकेनें ठराव केला कीं हें प्रमाण ४ चौरस मीटर असावें. मग सध्यांच्याच लोकांसाठीं २,००,००० चौरस मीटर लागतील, आणि तूट १,४०,००० ची ठरेल. आतां नव्या इमारतींतून आणखी १०,००० लोक येणार असले, तर त्यांच्यासाठीं ४०,००० चौरस मीटर जास्त लागतील. एकूण नवी जागा १,८०,००० चौरस मीटर. हिचे नऊ भाग केले तर दोन भाग नव्यांचे आणि सात भाग जुन्यांचे होतात. ‘सगळा खर्च नव्यांनीं द्यावा’ असें जे म्हणतात, ते आपले सात भाग शेजाऱ्याच्या दारांत लोटीत असतात. आणि ‘आमचा कांहींच संबंध नाहीं’ असें म्हणणारे आपले दोन भाग चुकवीत असतात.

जुने रहिवासी यावर विचारतील, “आज जी ६०,००० मीटर जागा आहे ती आमच्या करांतून झाली; तिचा उपभोग नवे घेणार, त्याचें काय?” याचें उत्तर हिशेबांतच आहे. नव्यांनीं आपल्या चार मीटरांची पुरी भरती केली, म्हणजे जुन्यांच्या जागेंतून एक वीतही कमी झाली नाहीं. मात्र एखाद्या भागांत पूर्वजांच्या दूरदृष्टीनें गरजेहून मोठें मैदान आधींच तयार असेल आणि नव्यांसाठीं निराळी जागा घेण्याचें कारणच पडत नसेल, तर त्या मागील खर्चाचा योग्य हिस्सा नव्यांकडून घेणें अन्यायाचें होणार नाहीं. उलट बाजूनें नव्यांचीही एक तक्रार खरी आहे. त्यांनीं आपला वांटा एकरकमी भरला, आणि पुढें त्यांच्याच मालमत्ता-करांतून जुनी तूट भरली जाऊं लागली, तर एकाच बागेसाठीं त्यांस दोनदां पैसे द्यावे लागतील. तेवढी सूट त्यांच्या शुल्कांत आधींच वळती केली पाहिजे.

परंतु या हिशेबांत एक मख्खी आहे. वरच्या पेठेंतील लोकांनीं चार मीटरांचा ठराव केला खरा, परंतु स्वतःची तूट भरण्यासाठीं एक पैचीही तरतूद केली नाहीं, तर काय? तर मग नव्यांकडून चार मीटरांचे पैसे घेण्याचा त्यांस अधिकार राहत नाहीं. सध्यां पेठ १.२ मीटरांवर समाधान मानून चालली आहे. नव्या १०,००० लोकांकडून त्याच प्रमाणांत १२,००० मीटरांचे पैसे घेणें एवढेंच न्याय्य होईल. जें माप आपण स्वतःस लावीत नाहीं, तें दुसऱ्यास लावणें हा तराजूंतला खोटेपणा होय. उंच प्रमाणाचा ठराव करावयाचा तो केवळ नव्यांकडून मोठी रक्कम उकळण्यासाठीं, ही युक्ति ज्या नगरपालिका करतील त्यांस बाग करावयाची नसून तिजोरी भरावयाची आहे, असेंच समजावें.

हा विचार आमच्याच डोक्यांतून निघाला आहे असें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत १९६५ सालीं ‘क्विम्बी कायदा’ झाला. त्यानें नव्या वसाहती पाडणाऱ्यांकडून बागांसाठीं जमीन किंवा तिच्याऐवजीं पैसे घेण्याची मुभा गांवांस दिली. पुढें त्यांत माप ठरलें तें असें : दर हजार माणशीं तीन एकर, म्हणजे माणशीं सुमारें १२ चौरस मीटर; आणि ज्या गांवांत याहून अधिक बागा आधींच असतील, तेथेंच अधिक मागतां येईल, तेंही पांच एकरांपर्यंत. तात्पर्य, तीन एकरांपुढें नव्यांकडून काय मागावें हें जुन्यांनीं स्वतःसाठीं काय केलें आहे यावर अवलंबून ठेविलें. १९७८ सालीं तेथील मतदारांनीं मालमत्ता-कराचा दर एक टक्क्यावर बांधून टाकला, आणि घर विकलें जाईपर्यंत त्याची करपात्र किंमत वर्षास दोन टक्क्यांहून अधिक वाढवूं नये असेंही ठरविलें. जुन्या घरवाल्यांचा भार हलका झाला. गांवें मात्र नव्या बांधकामावरील शुल्काकडे वळलीं. तेव्हां या शुल्कासही वेसण घालावी लागली. १९८७ च्या कायद्यानें शुल्क आणि गरज यांचा संबंध दाखविणें गांवांवर बंधनकारक केलें, आणि पुढें जुनी तूट नव्यांच्या शुल्कांतून भरतां येणार नाहीं असेंही स्पष्ट करण्यांत आलें. जुन्यांनीं कर कमी करून घेतला कीं ओझें नाहींसें होत नाहीं, तें दुसऱ्याच्या पाठीवर जातें, हा धडा त्या अनुभवांत आहे.

आपल्याकडे या बाबतींत अज्ञान होतें असेंही नाहीं. १८९६ च्या प्लेगानें मुंबईचे डोळे उघडले आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या बाजूस त्यानें आधीं जमीन घेतली, रस्ते व मोकळ्या जागा आंखल्या, आणि मग भूखंड लोकांस भाडेपट्ट्यानें दिले. आधीं बाग, मग बिऱ्हाड, असा तो क्रम होता. माटुंग्याचीं पांच उद्यानें त्याच आंखणींतलीं. शिवाजी पार्कचें सुमारें २८ एकरांचें मैदान १९२५ सालीं लोकांस खुलें झालें, आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या खटपटीनें १९२७ सालीं त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. आज त्या मैदानाच्या कट्ट्यावर बसून जो गृहस्थ नव्या टॉवरांतील मंडळींविषयीं कुरकुर करतो, त्याचा आजाही त्या भागांत एकदां नवाच होता. आणि त्याच्यासाठीं मैदान कोणीतरी आधींच राखून ठेविलें होतें.

१९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. वांद्रें, सांताक्रूझ, पार्लें येथील जुन्या पत्त्यांत ‘टी. पी. एस.’ हीं अक्षरें व एखादा आंकडा आजही आढळतो, ती त्या कायद्याची खूण होय. त्या योजनांतील युक्ति साधी होती. वेड्यावांकड्या जमिनी एकत्र करून नीट आंखावयाच्या, सर्वांच्या जमिनींतून रस्त्यांसाठीं व मोकळ्या जागांसाठीं थोडा थोडा अंश काढावयाचा, आणि योजनेमुळें जमिनीची जी किंमत वाढेल तिच्यांतून खर्चाचा वांटा घ्यावयाचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमांत हें तत्त्व आणखी रेखीव झालें आहे. योजनेचा खर्च वाढीव किंमतीच्या निम्म्याच्या आंत असेल, तर तो सर्व भूखंडवाल्यांनीं सोसावा. त्याहून अधिक झाल्यास निम्म्यापर्यंत त्यांनीं आणि वरचा नियोजन संस्थेनें सोसावा. शिवाय सार्वजनिक कामासाठीं राखलेली जागा केवळ योजनेंतील लोकांच्या उपयोगाची आहे, कीं अंशतः बाहेरच्या जनतेच्याही उपयोगाची आहे, हें पाहून दुसऱ्या प्रकारांत भरपाईचा तेवढाच भाग योजनेच्या खर्चांत धरावा, असेंही त्यांत आहे. बागेचा खर्च वांटण्याचा याहून शहाणपणाचा नियम कोणता असूं शकेल? परंतु ही वाट आपण पुष्कळ वर्षें जवळजवळ सोडून दिली. गुजराथेनें ती चालूं ठेविली. तेथील कायद्यांत योजनेच्या जमिनीपैकीं पांच टक्के बागा व मैदानें यांसाठीं काढण्याची तरतूद आहे.

आपण मात्र दुसरे मार्ग धरिले, आणि प्रत्येकांत हिशेबाची एक गळती राहून गेली. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीनें एक हजार चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवर आकारमानाप्रमाणें १५, २० किंवा २५ टक्के जागा मोकळी ठेवण्याचें बंधन घातलें. नियम चांगला, परंतु ही जागा बहुधा त्या त्या इमारतीच्या कुंपणाआंत राहते. समोरच्या चाळींतल्या मुलास तिचा उपयोग नाहीं. कित्येकांनीं ती वाहनतळाच्या गच्चीवर नेऊन ठेविली. शेवटीं २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें कीं नियमांत सांगितलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच पाहिजे. आणि हजार मीटरांच्या आंतील लहान भूखंडांचें काय? एकेका लहान भूखंडानें फारशी गर्दी वाढत नाहीं; पण अशा पन्नास भूखंडांची पुनर्बांधणी झाली म्हणजे एक नवें खेडें त्या आळींत येऊन राहतें, आणि त्याबरोबर एक झाडही येत नाहीं.

त्याच नियमावलीनें विकास-हक्कांच्या हस्तांतराची पद्धति आणली. ज्याच्या जमिनीवर बागेचें आरक्षण असेल त्यानें ती महापालिकेस द्यावी आणि मोबदल्यांत बांधकामाचा हक्क घेऊन तो दुसरीकडे वापरावा अथवा विकावा. रोख पैसा न देतां जमीन मिळाली, हा गुण खरा. परंतु शहरांत उत्पन्न झालेले हक्क उपनगरांत वापरण्याची मोकळीक होती. म्हणून बाग झाली एका भागांत आणि तिच्या मोबदल्याची गर्दी उतरली दुसऱ्याच भागांत! ज्यांनीं गर्दी सोसली त्यांस बाग मिळाली नाहीं.

१९९२ सालीं वरील अधिनियमांत दुरुस्ती होऊन विकास-शुल्क आलें. त्याचा पैसा सार्वजनिक सोयी व क्षेत्राची सुधारणा यांसाठींच वापरावा असें कायद्यांत आहे. परंतु ‘क्षेत्र’ म्हणजे सबंध शहर. अमक्या पेठेंत जमलेला पैसा अमक्याच पेठेंतील बागेस लागला, असें दाखविण्याची सक्ति नाहीं. यांत बांधकामाच्या अधिमूल्यांची भर पडते. आणि २०२१ सालीं सरकारनें एक वर्षासाठीं त्या अधिमूल्यांत निम्मी सूट दिली, तेव्हां तीं बागेसाठीं आहेत, तिजोरीसाठीं आहेत, कीं बाजारास चालना देण्यासाठीं आहेत, हेंच कोणास सांगतां येईना. बांधकाम करणारे म्हणतात, “आम्ही भरपूर देतों.” रहिवासी म्हणतात, “आम्हांस कांहींच दिसत नाहीं.” दोघेही खरें बोलत असतील. मधला दुवा तुटला आहे, तो हिशेबाचा.

येथें व्यापारी वाचक विचारतील कीं, शुल्क बांधणाऱ्यावर बसविलें तरी तें शेवटीं घर घेणाऱ्याच्याच खिशांतून जाणार ना? पुष्कळ अंशीं ही भीति रास्त आहे. पण ती सर्वस्वीं खरी नाहीं. शुल्क किती पडणार हें जमिनीचा सौदा होण्यापूर्वींच ठाऊक असेल, तर घेणारा जमीन तेवढ्या बेतानें घेतो आणि पुष्कळसा भार जमीनमालकाच्या नफ्यावर पडतो. सौदा झाल्यावर अचानक शुल्क वाढलें, म्हणजे तें घर घेणाऱ्याच्या माथीं बसतें. यासाठीं दर आधींच जाहीर असावेत आणि वारंवार बदलूं नयेत. तसेंच पुनर्बांधणींत शुल्क नव्या भिंतींवर नव्हे, तर वाढणाऱ्या माणसांवर मोजावें. चाळीस बिऱ्हाडांची सोसायटी पाडून शंभर बिऱ्हाडें झालीं, तर बागेचा नवा बोजा साठ बिऱ्हाडांचा. चाळीस तेथें पूर्वींपासूनच आहेत.

आतां जुन्या रहिवाशांस दोन शब्द. मुंबईंत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता-कर माफ झाला. लहान घरांतील कुटुंबांस हा दिलासा मिळाला याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. परंतु कर माफ झाला म्हणून तूट माफ झाली नाहीं. जुन्यांच्या सात भागांचा पैसा या घरांनीं द्यावयाचा नसेल, तर तो मोठ्या मालमत्तांच्या करांतून, नगरपालिकेच्या ठेवींतून, कीं सरकारी अनुदानांतून यावयाचा, हें मोकळेपणानें ठरविलें पाहिजे. तें न ठरवितां तो हळूच नव्यांच्या शुल्कांत मिसळूं लागलों, तर आज जो जुना आहे त्याच्याच मुलास उद्यां त्याच आळींत नवें घर घेतांना तें शुल्क भरावें लागेल. नवा म्हणजे परकाच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो आपलाच लग्न झालेला मुलगा असतो.

आणखी एक गोष्ट. बाग करणें एकदांचें, राखणें कायमचें. माळी, पाणी, दिवे, राखण यांचा खर्च दर वर्षास येतो, आणि त्याचा लाभ जुने-नवे सर्व सारखाच घेतात. म्हणून तो सर्वांच्या वार्षिक करांतूनच निघाला पाहिजे. एकरकमी शुल्कांतून माळ्याचा पगार भागविणें म्हणजे मुद्दल खाऊन संसार करणें होय. वर सांगितलेल्या क्विम्बी कायद्यांतही तो पैसा देखभालीस वापरण्याची मनाई आहे.

तेव्हां करावें काय? प्रत्येक पेठेचें अगर प्रभागाचें बागांचें माप नगरपालिकेनें दर वर्षीं प्रसिद्ध करावें : माणसें किती, जागा किती, तूट किती. तूट भरण्याची जुन्यांची तरतूद अंदाजपत्रकांत निराळी दाखवावी. ती नसेल तोंपर्यंत नव्यांवर वाढीव माप लावूं नये. नव्यांकडून आलेला पैसा प्रभागवार वेगळ्या खात्यांत ठेवावा, तो त्याच प्रभागांत किंवा पायीं जातां येईल एवढ्या अंतरांत खर्च व्हावा, आणि ठरलेल्या मुदतींत खर्च न झाल्यास तो परत करावा अथवा न होण्याचें कारण सभेंत सांगावें. ही मुदतीची अट केवळ शिस्तीसाठीं नाहीं. आपल्या कायद्याप्रमाणें आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाहीं आणि मालकानें नोटीस दिल्यावरही ठरलेल्या अवधींत तिच्या संपादनाची कारवाई झाली नाहीं, तर आरक्षण रद्द होतें. पैसा नंतर कितीही जमला तरी गेलेला भूखंड परत येत नाहीं. भरलेल्या शहरांत जमीन पिकत नाहीं.

हे उपाय करण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. किराणा दुकानाची खतावणी ज्यास ठेवतां येते त्यास एवढें समजतें. उणीव आहे ती आग्रहाची. आपल्या नगरसेवकास आपण गल्लींतल्या फरशीविषयीं विचारतों, मंडपाविषयीं विचारतों. पण ‘आमच्या प्रभागांत बागेच्या नांवानें किती जमलें आणि कोठें गेलें?’ असें विचारणारा विरळा. पुढच्या वेळीं तो मतें मागावयास येईल, तेव्हां जुन्या चाळींतल्या गृहस्थानें आणि नव्या टॉवरांतल्या गृहस्थानें एकत्र उभें राहून त्यास हा एकच प्रश्न विचारावा. दोघांनीं मिळून हिशेब मागितला, म्हणजे पत्र्याच्या कुंपणाआड कुलूप लावून ठेविलेली ती जागा फार दिवस बंद राहणार नाहीं.